पूरभिंत आणि एक शून्य

सुकुमारआण्णा मगदूम यांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी गुपचूप केल्या नाहीत. एक शिंकणं आणि दुसरी कर भरणं. शिंक आली की अख्ख्या गल्लीला कळायची आणि घरपट्टीची वेळ आली की अख्ख्या महापालिकेला. मागे रांग खोळंबलेली असताना ते खिडकीतल्या कारकुनाला शांतपणे समजावून सांगत, की तुम्ही माणूस म्हणून फार चांगले आहात, पण तुम्ही हे जे करताय त्याला माझ्या भाषेत लूट म्हणतात. मग पैसे भरत, कारकुनाच्या मुलांची चौकशी करत आणि हसतमुखाने घरी येत.

त्यांचं तत्त्व साधं होतं. माणसाने कष्टाने मिळवलेलं त्याच्या राजीखुशीशिवाय कुणीही घेऊ नये, मग तो चोर असो की सरकार. लोक विचारत, "पण आण्णा, तुम्ही गावात राहता, म्हणजे गावाचे नियम कबूल केलेच की." हा प्रश्न आला की आण्णा बाह्या सरसावत. "मी इथं राहतो कारण माझा बाप इथं राहत होता. राहिलो म्हणजे कबूल केलं, हा कुठला न्याय? मला कुणी विचारलं होतं?" इचलकरंजीतल्या कितीतरी व्याख्यानमालांमध्ये त्यांनी हे वाक्य टेबलावर मूठ आपटून म्हटलं होतं आणि दर वेळी टाळ्या घेतल्या होत्या.

सरकारने प्रयोग म्हणून स्वायत्त वसाहतींचा कायदा केला, तेव्हा आण्णांना आभाळ ठेंगणं झालं. यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचा कारखाना त्यांनी विकला, दोनेकशे समविचारी कुटुंबं जमवली आणि पंचगंगेच्या काठी जमीन घेऊन स्वेच्छानगर वसवलं. इथे कसलीही पट्टी नव्हती. रस्ता वापराल तेवढ्याचे पैसे, पाणी मीटरवर, कचरा वजनावर, राखणदार कराराने. आजूबाजूची खेडी त्याला 'बिनपट्टीचं गाव' म्हणायची आणि आण्णांना ते नाव अधिकृत नावापेक्षा जास्त आवडायचं.

गंमत अशी, की या गावात त्यांना शेजार मिळाला तो वर टेकडीवर राहणाऱ्या गुरुपाद हुक्केरींचा. हुक्केरींची उमेदीची वर्षं जकात नाक्यावर ट्रक अडवण्यात गेली होती आणि नाके उठल्यावर उरलेली जीएसटीच्या कचेरीत. मुलाने इथे घर बांधलं आणि स्वतः कॅनडाला गेला, म्हणून हुक्केरी इथे. रोज सकाळी ते टेकडी उतरून आण्णांच्या व्हरांड्यात चहाला यायचे आणि रोज भांडण व्हायचं.

"राखणदाराचा पगार कोण देतंय वो?" हुक्केरी विचारायचे.

"ज्याला राखण पाहिजे तो."

"आणि ज्याला नको त्याच्या घरात चोर शिरला, तर राखणदार तोंड फिरवून उभा राहणार काय?"

"तसा करार आहे."

"लई भारी करार आहे," असं म्हणून हुक्केरी दुसरा चहा मागायचे. आण्णांना या भांडणाशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नसे.

पण नदीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या पावसाळ्यात पंचगंगा फुगली आणि खालच्या अंगाच्या घरांत, आण्णांच्याही, कमरेइतकं पाणी शिरलं. चौथ्या वर्षी पुन्हा तेच. पूरभिंत बांधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि इथेच बिनपट्टीच्या गावाचं घोडं अडलं. रस्त्याला टोल लावता येतो, नळाला मीटर बसवता येतो. पण भिंत एकदा उभी राहिली, की ती पैसे दिलेल्याचं घर कोणतं आणि न दिलेल्याचं कोणतं, हे बघून पाणी अडवत नाही. त्यामुळे वर्गणीचा डबा फिरला तेव्हा प्रत्येकाने मनाशी हिशेब केला, की बाकीचे देतीलच, आपलं थोडं कमी पडलं तर काय बिघडतंय. दोनदा डबा फिरला आणि जमलेल्या पैशांत भिंतीचा पायासुद्धा झाला नसता.

जिल्हा प्रशासनाने कळवलं, की येत्या पावसाळ्याआधी भिंत झाली नाही तर रहिवाशांच्या सुरक्षेसाठी वसाहतीची स्वायत्तता रद्द होईल आणि स्वेच्छानगर शेजारच्या नगरपालिकेत जाईल. म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, सगळं आलं. आण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर ज्यासाठी भांडलो ते एका भिंतीपायी जाणार, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

वसाहतीच्या सभेत किराणा दुकानदार बाळासाहेब खोत उठले. "आपल्या लोकांवर पट्टी नको, हे बरोबर आहे. पण बाहेरून माल घेऊन येणाऱ्या ट्रकांवर जकात लावायला काय हरकत आहे? बाहेरचे भरतील. भिंत होईल. आपलं तत्त्वही राहील."

सभेला ते पटायला लागलं. आण्णा उभे राहिले.

"खोतसाहेब, बाहेरचा कांदेवाला जकात स्वतःच्या खिशातून भरेल असं वाटतंय तुम्हाला? तो कांद्यावर चढवील आणि भरणार माझी बायको, सुलोचना. बरं, तुमच्या दुकानातला कांदा मात्र बिनजकातीचा. म्हणजे भिंत राहिली बाजूला, तुमच्या दुकानालाच तटबंदी झाली की." सभा हसली. "आणि समजा, तसं नसलं तरी. एक माणूस विकतोय, दुसरा घेतोय, दोघंही राजी आहेत. मध्ये दांडकं घेऊन उभा राहणारा तिसरा कोण? तो आपला असला म्हणून दांडक्याचं फूल होत नाही."

"दांडकं नव्हतं हो, शिट्टी होती," मागून हुक्केरी म्हणाले.

जकात बारगळली. पण भिंतही बारगळलेलीच होती.

ही कोंडी फुटली ती आण्णांच्या लेकीमुळे. त्रिशला बंगळूरच्या एका संस्थेत मेंदूवर संशोधन करायची. ती सुटी काढून आली आणि सोबत पत्र्याच्या पेटीत कपाळाला बांधायचे काळे पट्टे घेऊन आली. सभागृहात तिने ते सगळ्यांना समजावून सांगितलं.

आपण एखादी वस्तू बघतो, तेव्हा ती आपल्याला कितपत हवीशी आहे याचा अंदाज मेंदू नकळत बांधत असतो. कपाळाच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध थोडा वर एक भाग आहे, तिथे हे काम चालतं. तिथल्या पेशी काम करायला लागल्या की अत्यंत क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पट्ट्यातले सेन्सर ते टिपतात. पट्ट्याला तुमचे विचार कळत नाहीत. आधी तुमच्या ओळखीच्या गोष्टी दाखवल्या जातात, म्हणजे वाटीभर बासुंदी, नवं घड्याळ, गोव्याची सहल, आणि प्रत्येकीला तुम्ही किती पैसे मोजाल ते विचारलं जातं. त्यावरून यंत्र तुमच्यापुरती मोजपट्टी बसवतं. मग भिंतीचा आराखडा दाखवायचा. भिंत तुम्हाला केवढ्याची वाटते, याचा यंत्र अंदाज घेतं.

"यंत्र चुकतं की नाही?" हुक्केरींनी विचारलं.

"थोडंफार चुकतं, काका. पण त्याचं काम खोटं पकडण्याचं नाहीच, खोटं महाग करण्याचं आहे. आकडा तुम्हीच लिहायचा. तुमचा आकडा आणि यंत्राचा अंदाज यात जितकी तफावत, तितकी जास्तीची रक्कम पडणार. म्हणजे खरं बोलणंच सगळ्यांत स्वस्त. आणि खरं लिहिणाऱ्या कुणालाही, त्याला भिंत जेवढ्याची वाटते त्याहून जास्त द्यावं लागणार नाही. कुणाचाच तोटा नाही. फक्त पट्टा बांधायला सगळे राजी पाहिजेत, एकसुद्धा नाही म्हणाला तरी प्रयोग करणार नाही."

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. देणाऱ्याला त्याने मोजलेल्या पैशांहून जास्त मिळतं आणि कुणाच्याही मानेवर हात पडत नाही, असा कर जगात असू शकतो आणि तो आपल्या पोरीने शोधावा! त्यांनी तिथल्या तिथे सही केली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या सह्या झाल्या. सुलोचनाबाईंनीही चष्मा शोधून सही केली.

पट्टे बांधायचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये जत्रेसारखा झाला. बासुंदीचं चित्र बघून खोतांचा आकडा एवढा चढला, की त्यांच्या बायकोने घरी दम भरला. नवऱ्यांनी बायकांना आणि बायकांनी नवऱ्यांना 'किती आला?' म्हणून छळलं, पण आकडे मोहोरबंद होते आणि ज्याचे त्यालाच कळत होते. त्रिशलालाही नावं दिसत नव्हती. रविवारी तिने निकाल जाहीर केला. बेरीज भिंतीच्या खर्चाहून बरीच जास्त भरली होती. भिंत होणार होती, स्वायत्तता राहणार होती. लोकांनी आण्णांना अक्षरशः उचललं.

त्रिशलाची चूक एकच झाली. उत्साहाच्या भरात तिने पडद्यावर आलेख दाखवला. प्रत्येक माणसाची एक उभी रेघ, काही उंच, काही ठेंगण्या, नाव कुठेच नाही. आणि उजव्या टोकाला एक रिकामी जागा.

"ते काय?" खोतांनी विचारलं.

"शून्य," त्रिशला म्हणाली. "एका व्यक्तीला भिंतीची काहीच किंमत वाटत नाही. यंत्रही तेच सांगतंय, म्हणजे ती व्यक्ती खरं बोलली आहे. तिला काही द्यावं लागणार नाही."

झालं. जत्रेचा नूर पालटला. एवढ्या लोकांत एकच आणि काही म्हणजे काहीच नाही! वरच्या आळीतल्या लोकांच्या घरात पाणी येत नव्हतं, तरी त्यांनीही काहीबाही दिलं होतं. मग हा फुकट्या कोण? माना हळूहळू हुक्केरींकडे वळल्या. त्यांचं घर सगळ्यांत उंचावर होतं आणि जन्मभर त्यांनी घेण्याचंच काम केलं होतं.

सगळ्यांत जास्त चिडले ते आण्णा. "ज्याचं शून्य असेल त्यानं पुढच्या रविवारपर्यंत स्वतःहून पुढं यावं," ते गरजले. "नाही आला, तर मी ठराव मांडतो. प्रत्येकानं किमान एक ठरावीक रक्कम द्यायचीच. एकजुटीचा प्रश्न आहे!"

टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर त्रिशलाने वडिलांचा हात धरला. "आण्णा, प्रत्येकानं द्यायचीच, वाटो न वाटो, याला काय म्हणतात?"

"एकजूट."

"पलीकडच्या गावात याला घरपट्टी म्हणतात."

आण्णांनी हात सोडवून घेतला. पोर शिकली की जिभेला धार येते, असं काहीतरी पुटपुटत ते तडक हुक्केरींकडे गेले.

हुक्केरी खुर्चीत बसून होते. त्या दिवशी प्रथमच त्यांनी 'या' म्हटलं नाही.

"मगदूम, तुम्हालाही तसंच वाटतंय?"

"मग दुसरं कोण असणार?"

हुक्केरी उठले, खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि आण्णांच्या हातात दिली. आण्णांनी आकडा वाचला आणि खाली बसले. त्यांच्या स्वतःच्या आकड्याच्या दुप्पट होता तो.

"पण तुमच्या घरात तर पाणी येतच नाही!"

"तुमच्या घरात येतंय की. पाणी शिरलं की तुम्ही निघून जाता मेहुणीकडं. मी एकटा इथं टेकडीवर. या गावात मला चहा कोण पाजतंय, भांडतंय कोण माझ्याशी?" हुक्केरी खिडकीकडे बघत म्हणाले. "ट्रकवाले शिव्या द्यायचे, ते चालायचं. तुम्ही तसं बघितलंत, ते नाही चाललं."

आण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माफी मागितली, आणि ती त्यांच्या शिंकेसारखी दणदणीत नव्हती.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. सूर्यास्ताआधी जेवायची जैन घरची रीत, त्यामुळे सुलोचनाबाई खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. आण्णा पाटावर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. "हुक्केरी नाही. मग कोण असेल? कुणाचं एवढं काळीज दगडाचं..."

"माझं आहे ते," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"काय?"

"शून्य. माझं आहे." त्यांनी बत्ता बाजूला ठेवला. "दगडाचं वगैरे काही नाही. खरं लिहा म्हणाली पोरगी, मी खरं लिहिलं."

आण्णांना आधी वाटलं, थट्टा आहे. मग बायकोचा चेहरा बघून तसं वाटेना. "सुलू, आपल्या हॉलमध्ये कमरेइतकं पाणी येतं! तुला त्याचं काहीच नाही?"

"पाणी आलं की आपण इचलकरंजीला जातो. ताईकडं. सकाळी उठून बस्तीत भगवंताच्या दर्शनाला जाते, चारजणी भेटतात. माझ्या शिवणक्लासच्या पोरी येतात. पोरी कसल्या, आता त्यांच्या पोरी मोठ्या झाल्या. दार उघडं असतं, कोण ना कोण येतंच असतं. वर्षातला तेवढा आठवडा मी माणसात असते. तो पूर तुम्ही भिंत बांधून अडवायला निघालाय. आणि त्याला मी पैसे मोजू?"

आण्णांना रागच आला, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? गुमान राहिलीस की! मी काय समजायचं?"

सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, थोडं हसूच होतं, आणि तेच आण्णांना जास्त लागलं.

"राहिले म्हणजे कबूल केलं, होय? तुमची सगळी भाषणं ऐकली आहेत मी. पहिल्या रांगेत बसून. सगळ्यांना सांगत फिरलात, संमतीशिवाय कुणाकडून काही घ्यायचं नाही म्हणून. क्लास बंद झाला माझा, गल्ली सुटली. मला कुणी विचारलं होतं?"

त्यांनी पान वाढलं. आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. त्यांना आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना, की स्वेच्छानगरला यायचं ठरलं तेव्हा सुलू काय म्हणाली होती. आठवत नव्हतं, कारण ती काही म्हणालीच नव्हती. ते आनंदाने नकाशा पसरून तिला दाखवत होते आणि ती कपबशा उचलत होती. माणसाला लाज वाटते म्हणजे काय होतं, ते त्यांना त्या संध्याकाळी नीट कळलं. चटणी फार चांगली झाली होती, आणि तेही त्यांनी सांगितलं नाही.

तो आठवडाभर सकाळचा चहा घेऊन आण्णा स्वतः टेकडी चढून हुक्केरींकडे जात आणि भांडत नसत, त्यामुळे हुक्केरींना काळजी वाटायला लागली.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. आण्णा उठले. बायकोचं नाव येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"मागच्या वेळी मी एक ठराव मांडायचं म्हणालो होतो. तो मांडत नाही. ज्याला भिंतीची किंमत शून्य आहे त्यानं शून्यच द्यायचं. तो फुकट्या नाही. आपण सगळे खरं बोललो, तसाच तोही बोलला. त्याच्याकडून एक रुपया जरी जबरदस्तीनं घेतला, तर मग नगरपालिका काय वाईट होती?"

"पण हुक्केरींनी निदान..." खोत सुरू झाले.

"हुक्केरींचा काही संबंध नाही," बायकांच्या बाजूने आवाज आला. सुलोचनाबाई उभ्या होत्या. "शून्य माझं आहे. मला इथं करमत नाही. भिंतीवर माझा राग नाही, बांधा खुशाल. पण मला ती नको होती, म्हणून तसं लिहिलं."

त्रिशला आईकडे बघत राहिली. हुक्केरींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सुलोचनाबाईंना नमस्कार केला.

इतकी वर्षं आपण व्यासपीठावर बोललो आणि आपल्या तत्त्वाचा खरा अर्थ आज हिने दोन ओळींत सांगितला, असं आण्णांना वाटलं. त्यांना बायकोचा मनापासून अभिमान वाटला. आणि अभिमानाच्या भरात ते वळले, छाती काढली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "मित्रांनो, भिंतीसाठी माझा वाटा मी देणारच. पण आज मी तुम्हा सर्वांसमोर जाहीर करतो, की भिंत झाली की इथलं घर विकून आम्ही दोघं इचलकरंजीला कायमचं राहायला जाणार!"

टाळ्यांसाठी हात वर गेले. तेवढ्यात सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो! परत? विचारलंत का मला?"

आधी त्रिशला हसली. मग हुक्केरी, मग खोत, मग सगळं सभागृह. डोळे पुसेपर्यंत लोक हसले. आण्णा लालबुंद होऊन उभे होते. हसू ओसरायला बराच वेळ लागला. मग व्यासपीठावरून उतरून ते बायकांच्या बाजूला गेले आणि सुलोचनाबाईंसमोर थांबले. कधी न विचारलेला प्रश्न विचारायला त्यांना शब्द जुळवावे लागत होते.

"सुलू, तुझं काय म्हणणं आहे?"

"आत्ता विचारलंत," त्या म्हणाल्या, आणि थोडा वेळ खरोखरच विचार केला. "घर विकायचं नाही. त्रिशलाला आवडतं, हुक्केरीभाऊजी एकटे पडतील. पावसाळ्यात इथं येत जाईन, भिंत झाल्यावर. बाकीचं वर्ष मी इचलकरंजीला राहणार. क्लास परत सुरू करणार." मग पदर सारखा करत त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही यायचं का नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. सक्ती नाही."

आण्णांनी आजवर हजार ठिकाणी 'नाही' म्हटलं होतं आणि ते कसं म्हणायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. महापालिकेची खिडकी, तिथली रांग, घरपट्टीचं बिल, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. लूट ती लूटच, त्याबद्दल त्यांचं मत तसूभरही बदललं नव्हतं.

"येतो की," ते म्हणाले.